मीटरप्रमाणे

"गंगापूर रोड, आकाशवाणीपाशी. किती घेणार?"

"मीटरप्रमाणे," झुंबर म्हणाला.

माणसाने रिक्षात घातलेला एक पाय परत बाहेर घेतला. हातात मोठी बॅग, बरोबर बायको, बायकोच्या हातात मिठाईचा पुडा. नुकतेच पुण्याच्या गाडीतून उतरलेले असावेत.

"मीटरप्रमाणे म्हणजे किती?"

"पडंल ते. पंचवीस-सव्वीस पडतात."

"पंचवीस की सव्वीस?"

"सिग्नल लागला तर रुपया इकडं-तिकडं व्हतो, साहेब."

"म्हणजे तुमचं नक्की काहीच नाही."

"अहो, चला तिकडे," बायको म्हणाली. "यांची मीटरं फास्ट असतात. माझ्या बहिणीला पनवेलला असंच फसवलं."

दोघे पलीकडच्या रिक्षाकडे गेले. तिथे साठ सांगितले गेले. घासाघीस झाली. पन्नासला सौदा पटला आणि बॅग आत गेली. रिक्षा झुंबरच्या समोरून वळली तेव्हा तो माणूस बायकोला सांगत होता, "बघ, दहा रुपये कमी करून घेतले की नाही?"

झुंबरने कपाळाला हात लावला. दुप्पट पैसे देऊन जिंकून चाललेला माणूस त्याने त्या दिवशी तिसऱ्यांदा पाहिला होता. अजून सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते.

झुंबर गतीर मूळचा घोटीकडचा. तांदळाच्या गिरणीत पोती उचलायचा. पाठ धरायला लागली तसा नाशिकला आला, दुसऱ्याची रिक्षा चालवली, मग स्वतःची घेतली. सीबीएससमोरच्या, म्हणजे मधल्या एसटी स्टँडसमोरच्या, थांब्यावर त्याला अठरा वर्षं झाली होती. या अठरा वर्षांत त्याने मीटर टाकल्याचं कोणाला आठवत नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. शहरातल्या सगळ्याच रिक्षांचं तसं. मीटर असायचं ते आरटीओच्या पासिंगपुरतं. एरवी त्याच्या दांडीवर कोणी टॉवेल वाळत घालायचं, कोणी लिंबू-मिरची टांगायचं.

हे बदललं ते दोन हजार सात सालच्या दिवाळीनंतर, त्याची थोरली बहीण नवसाबाई गुडघे दाखवायला नाशिकला आली तेव्हा. तिने येण्याचं आधी कळवलं नव्हतं. दवाखाना उरकून ती संध्याकाळी परस्पर सातपूरला भावाच्या घरी पोचली. पिशवीतून नव्या तांदळाचं गाठोडं काढून तिने भावजयीच्या, चांगुणाच्या, हातात दिलं आणि भिंतीला टेकून पाय लांब केले.

"तुमचं नाशिक लय वाढलं रं, झुंबर," ती म्हणाली. "येष्टी स्टँडापासून सिव्हिल दवाखाना केवढा लांब! ऐंशी रुपये पडले रिक्षाला."

झुंबर चहा पीत होता. सीबीएसपासून सिव्हिल हॉस्पिटल म्हणजे चालत दहा मिनिटं.

"कुठून नेलं तुला, आक्का?"

"मला काय ठावं? मोठा रस्ता लागला. मग पूल लागला. गंगा-गोदावरी दिसली, मी तिथूनच हात जोडले. म्हटलं, बरं झालं, दर्शन तरी घडलं."

"आन् रिक्षावाला कसा होता?"

"लय गोड माणूस. पांढऱ्या मिशा. मावशी, दमानं बसा म्हणला. माझी पिशवीसुदीक उचलून ठिवली."

पांढऱ्या मिशांचा, गोड बोलणारा त्यांच्या थांब्यावर एकच होता. थांब्याचा अध्यक्ष, जयराम गायधनी. झुंबरला रिक्षा शिकवणारा, मुलीच्या, मनीषाच्या, जन्माच्या वेळी स्वतःच्या रिक्षातून चांगुणाला दवाखान्यात नेणारा जयरामभाऊ.

दुसऱ्या दिवशी झुंबरने त्याला गाठलं. जयरामने ऐकलं आणि त्याचा चेहरा खरंच उतरला.

"तुझी बहीण व्हय? आरं, सांगायचं तरी मला! मी तिला घरी आणून सोडली असती, चहा पाजला असता. हे घे, ऐंशीच्या ऐंशी घे. आक्काला सांग, चुकी झाली."

झुंबरने नोटांकडे पाहिलं, पण घेतल्या नाहीत.

"भाऊ, दुसऱ्या कोणाची बहीण असती तर?"

जयराम गोंधळला. तो नाटक करत नव्हता. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

"दुसऱ्याची म्हणजे पॅसेंजर ना ती," तो म्हणाला.

हे उत्तर झुंबरला आठ दिवस चावत राहिलं. कारण जयरामवर राग धरावा तर धरता येत नव्हता. देवळ्याहून आलेल्या एका म्हाताऱ्याला त्याने स्वतःच एकदा लांबच्या द्वारका चौकावरून फिरवून जवळच्याच शालिमारला सोडलं होतं. म्हातारा उतरताना 'देव तुझं भलं करो' म्हणाला होता. तेव्हा झुंबरला हसू आलं होतं. आता ते हसू आठवलं की तो समोरचं ताट बाजूला सारत होता.

नवव्या दिवशी तो दुकानात गेला आणि लाल आकड्यांचं नवीन इलेक्ट्रॉनिक मीटर बसवून आला. वजनमापाच्या साहेबांकडून रीतसर सील करून घेतलं. त्या वेळी नाशकात असलं मीटर कोणी हौसेने घेत नव्हतं. दुकानदाराने तीनदा विचारलं, "पासिंगपुरतं पाहिजे असेल तर भाड्याने देतो की!"

चांगुणा कॉलेज रोडला मुलांच्या एका होस्टेलात पोळ्या लाटायची. रोजच्या दोनशे. घरी आल्यावर तिने ते मीटर पाहिलं, किंमत ऐकली आणि मटकन खाली बसली.

"लोक जास्ती कमवायला मशीन आणतात," ती म्हणाली. "तुम्ही कमी कमवायला आणलं."

"कमी नाय. बरोब्बर तेवढं."

"बरोब्बर तेवढ्यात पोरीची फी बसंल का? का मीटर कॉलेजात नेऊन दाखवू?"

मनीषा तेव्हा बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. ती मधे पडली, "आई, त्यांना एक महिना करून तर बघू दे." चांगुणाने महिन्याचा हिशोब करायला हात वर केला आणि तसाच खाली सोडला.

झुंबरला वाटलं होतं, लोक खूश होतील. इथेच त्याचा अंदाज चुकला. लोकांना मीटर हवं होतं ते रिक्षावाल्यांना शिव्या देताना. रिक्षात बसल्यावर त्यांना त्याची भीती वाटायची. रविवार कारंज्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि आकडा रुपयाने वर गेला की मागून आवाज यायचा, "ओ, रिक्षा उभी असताना कसं पळतं तुमचं मीटर?" थांबण्याचेही पैसे असतात हे समजावून सांगेपर्यंत सिग्नल सुटायचा आणि आकडा आणखी पुढे जायचा. एका कंपनीतला माणूस म्हणाला, कॉम्प्युटर म्हटलं की त्यात आतून काहीही भरता येतं, जुनी डब्बा मीटरं बरी होती. एक प्राध्यापक रस्ताभर अमेरिकेतल्या टॅक्सीबद्दल बोलले, आपल्या लोकांना शिस्त नाही म्हणाले, आणि उतरताना सुट्टे नाहीत म्हणून दोन रुपये कमी दिले.

सगळ्यात कहर केला तो एका निवृत्त बँक मॅनेजरांनी. त्यांना झुंबरने सीबीएसवरून पंपिंग स्टेशनला सोडलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला.

"तेवीस?"

"हो, साहेब."

"मी इथे दोन वर्षांपासून राहतोय. दर वेळी पन्नास देतो."

"मीटरप्रमाणे तेवीसच व्हतात."

साहेबांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही लोकांनी मला लुबाडलंत!"

"साहेब, मी तर..."

"तुम्ही सगळे एकच! निर्लज्ज लेकाचे! लाज वाटायला पाहिजे!"

फाटकातून आत जाईपर्यंत ते ओरडत होते. कुठली तरी खिडकी उघडली, कोणी तरी बाहेर डोकावलं. तेवीस रुपये हातात धरून झुंबर उभा राहिला. जगात एकच रिक्षावाला असा असेल, त्याच्या मनात आलं, की ज्याने कमी पैसे घेतले म्हणून शिव्या खाल्ल्या.

थांब्यावर तर वेगळंच वारं वाहायला लागलं होतं. पहिले काही दिवस चेष्टा झाली. मग गिऱ्हाइकं बोलायला लागली, "तो मीटरवाला तर पंचवीस म्हणतो." चेष्टा थांबली. एका दुपारी जयरामने झुंबरला रांगेबाहेर बोलावलं. टपरीवरून दोन कटिंग मागवले. बोलणं शांतपणे सुरू केलं.

"झुंबर, मला एक सांग. कांद्याला मीटर हाय का?"

"नाय."

"माझा साडू ट्रॅक्टर भरून कांदा नेतो. भाव कोण ठरवतो? बोली लावणारा. यानं फकस्त उभं राहायचं. डॉक्टरला मीटर हाय का? वकिलाला? ही कॉलेजं फी घेत्यात, त्यांना कोणी मीटर लावलं? सगळ्या दुनियेत एक रिक्षावालाच सापडला का रे मीटर लावायला?"

झुंबरने चहाचा घोट घेतला.

"पेट्रोल चार वर्षांत कुठल्या कुठं गेलं. मीटरचा दर तवापासून तोच हाय. म्हणजे तुझं मीटर लय खरं बोलतं, पण चार वर्षांपूर्वीचं बोलतं. पोटाला कोणतं साल सांगू मी?"

"तुझं खरंय, भाऊ," झुंबर म्हणाला. "पण मग दर वाढवून मागू. घोटीच्या म्हातारीकडून कशापायी काढायचं?"

जयरामचा चहा संपला. ग्लास खाली ठेवून तो उठला. "उद्यापासून नंबर लावू नको," तो म्हणाला. "मला बरं वाटत नाय, पण पन्नास जणांचं पोट हाय."

थांब्याचा नंबर गेला म्हणजे उभं राहायची जागाच गेली. झुंबर फिरत धंदा करायला लागला. अशोक स्तंभ, मेहेर, शालिमार, परत सीबीएस. रिकामी रिक्षा पळवायची आणि दोन्ही बाजूंना बघत राहायचं. महिना संपला, दुसरा संपला. चांगुणाने हिशोब मागितला नाही. तिने होस्टेलातल्या मावशींना सांगून संध्याकाळच्या पोळ्याही धरल्या. आता दिवसाला साडेतीनशे. त्याबद्दल ती घरात एक शब्द बोलली नाही, आणि झुंबरला ते भांडणापेक्षा जड गेलं. तिच्या मनगटाला तेल चोळताना एकदा तो म्हणाला, "काढून टाकू का ते मीटर?"

"आता काढता?" ती भडकली. "आता? लोकांनी हसून घेतलं, माझा हात मोडला, आन् आता काढता? काढायचं नाय. मुळीच नाय काढायचं. आता मीच बघते!"

पुढच्या उन्हाळ्यात पेट्रोल पुन्हा वाढलं आणि शहरातल्या सगळ्या थांब्यांनी दरवाढीसाठी दोन दिवस रिक्षा बंद ठेवल्या. आरटीओच्या साहेबांनी चर्चेला बोलावलं आणि विचारलं, खर्च किती येतो ते आकड्यांत दाखवा. आकडे कोणाकडेच नव्हते. अठरा रिक्षावाले अठरा आकडे सांगत होते.

त्या संध्याकाळी जयराम सातपूरला झुंबरच्या दारात आला. चपला काढताना त्याला वेळ लागला.

"तुझ्या मीटरमधी सगळं साठलेलं राहतं म्हणत्यात," तो म्हणाला. "किती किलोमीटर भरलेली, किती रिकामी."

"राहतं."

"उद्या येतो का आमच्यासंगं?"

चांगुणा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो जयरामच्या पुढ्यात जरा जोरातच ठेवला गेला. "आता बरं मीटर आठवलं, भाऊजी," ती म्हणाली.

जयरामने मान खाली घातली. झुंबरला ते बघवलं नाही.

"येतो," तो म्हणाला. "पण एक बोली. दर वाढला की सगळ्यांनी मीटर टाकायचं."

"टाकू."

"भाऊ, सगळ्यांनी."

"आरं, दर बरोबर असला तर आम्हाला काय येड लागलंय का फिरवाफिरवी करायला? टाकू म्हणलं ना. हा माझा शबूद."

दुसऱ्या दिवशी मोठ्या टेबलाच्या टोकाला झुंबर उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. मनीषाने कागदावर उतरवून दिलेलं त्याने वाचून दाखवलं: शंभर किलोमीटर रिक्षा पळते तेव्हा भाडं असतं पंचावन्नला, बाकीची रिकामी. पेट्रोल एवढं, टायर एवढे, उरतं ते एवढं. साहेबांनी कागद हातात घेऊन दोनदा पाहिला.

"दर कमी आहे असं म्हणता, मग तुम्ही मीटरने का चालवता?" त्यांनी विचारलं.

झुंबरने वळून पाहिलं. मागे वीस-पंचवीस रिक्षावाले श्वास रोखून उभे होते.

"साहेब, मीटर बरोबर हाय," तो म्हणाला. "त्याला शिकवलेला दर चुकलाय. दोघांतलं चुकलंय ते दुरुस्त करा."

बाहेर आल्यावर लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. कोणी तरी उसाचा रस पाजला. महिनाभराने दर वाढला. मागितला तेवढा नाही, पण पोटाला निदान यंदाचं साल सांगता येईल एवढा. थांब्यावर पेढे वाटले, झुंबरला परत नंबर मिळाला, आणि पहिल्या दिवशी तो रांगेत शिरला तेव्हा दोघा-तिघांनी हॉर्नसुद्धा वाजवले.

दुसऱ्या दिवशी त्याने कान देऊन ऐकलं. पुढच्या रिक्षाला गिऱ्हाइकाने विचारलं, "आकाशवाणी किती?"

"सत्तर. दर वाढला ना, काका."

त्याच्या पुढची रिक्षा, सत्तर. तिच्याही पुढची, सत्तर. झुंबर उतरून तडक जयरामकडे गेला.

"भाऊ, शबूद दिला होता."

"दिला होता," जयराम म्हणाला. तो चिडला नाही, उलट थकल्यासारखा दिसत होता. "मी काल दोघांना मीटर टाकायला लावलं. एक पॅसेंजर उतरून गेला. दुसरी बाई म्हणली, ठरवून सांगा, मला टेन्शन नको. लोकांनाच नको हाय रे मीटर. मी काय करू? पोरं माझं ऐकत नाय, लोक तुझं ऐकत नाय. तू हे कशाला डोक्यावर घेतो? नंबर मिळालाय ना? पन्नास सांग, साठ सांग. तुझ्या मनाला पटंल ते सांग. पण मीटर टाकून थांब्यावर उभं राहू नको, परत भांडणं व्हतील."

झुंबरला खूप बोलायचं होतं. अठरा वर्षांचं बोलायचं होतं. पण समोर पांढऱ्या मिशांचा हा माणूस होता, ज्याने त्याला क्लच कसा सोडायचा ते शिकवलं होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता. राग तर अनावर झाला होता. तो कोणावर काढावा हेच कळत नव्हतं. जयरामवर, त्या टेन्शन नको म्हणणाऱ्या बाईवर, तेवीस रुपयांसाठी शिव्या देणाऱ्या मॅनेजरवर, की एवढ्या सगळ्यांत शहाणं व्हायला गेलेल्या स्वतःवर?

"मग नंबर तुमच्याकडंच ठेवा, भाऊ," तो म्हणाला.

तो वळून रिक्षात बसला. जयरामने हाक मारली, "झुंबर, आरं, झुंबर!" मग ती रस्त्याच्या आवाजात बुडाली.

दर बदलला की मीटरही नव्या दरावर करून परत सील करून घ्यावं लागतं. त्यासाठी पेठ रोडच्या एका मोकळ्या मैदानावर शिबिर लावलं होतं. पेपरात दोनदा जाहिरात आली होती. झुंबर सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा खाकी शर्ट घालून निघाला. गर्दी होईल, नंबर लागायचा नाही, म्हणून चांगुणाने डबाही दिला होता.

मैदानावर मांडव होता. मांडवाखाली दोन टेबलं, त्यावर सील करायची पक्कड, शिशाच्या गोळ्यांचा डबा, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड. रिक्षांच्या रांगांसाठी मैदानभर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. शाळेच्या क्रीडास्पर्धेला मारतात तशा, स्वच्छ पांढऱ्या. शे-दीडशे रिक्षा नागमोडी उभ्या राहतील अशी सोय होती. मैदानात एकही रिक्षा नव्हती. टोकाला शिपाई खुर्चीत बसून पेपर वाचत होता.

टेबलामागच्या साहेबांनी रिक्षा येताना पाहिली आणि उभं राहून हात केला.

"अहो, सरळ या इकडे. कोणी नाहीये."

झुंबरने वेग कमी केला. पहिली रेघ जिथून सुरू होत होती तिथे त्याने रिक्षा वळवली. मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेला, तिथे वळला, परत आला, पुन्हा वळला. शिपायाने पेपर खाली घेतला. साहेब काही तरी म्हणायला गेले आणि थांबले. रेघांच्या मधून, एकाही रेघेला चाक न लावता, सगळी रांग पुरी करून झुंबर टेबलापाशी आला आणि त्याने इंजिन बंद केलं.

"नंबर?" साहेबांनी सवयीने विचारलं, आणि मग स्वतःच रजिस्टरात एक लिहिलं.

साहेब मागे बसले. दोन किलोमीटर रिक्षा फिरवून झाली. आकडा बरोबर आला. शिशाची गोळी तारेवर दाबली गेली. दिवसभराचं काम वीस मिनिटांत झालं आणि डबा तसाच राहिला. निघताना मात्र मांडवाचा बांबू आडवा येत होता म्हणून रिक्षा मागे घ्यावी लागली, तेव्हा चाकं रेघेवरून गेली.

पेठ रोडला लागल्यावर त्याने आरशात पाहिलं. डांबरावर मागच्या चाकांचे दोन पांढरे माग उमटत येत होते. चौकापर्यंत ते दिसले. पुढे एक मालट्रक त्यांच्यावरून गेला. फुटपाथवरून एका बाईने हात केला, तशी झुंबरने रिक्षा कडेला घेतली.